आपण गप्प बसतो, तेव्हा मुलांना कोण शिकवते?

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी अभ्यासिका चालते. आठवीपासून बारावीपर्यंतची पंचवीस-तीस मुले-मुली येतात. ऑफिसमधून सुटलो की मी तिथे गणित आणि बुककीपिंग शिकवतो. मुले मला काका म्हणतात. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही त्या खोलीत बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. झाकणाला फट पाडली आणि मुलांना सांगितले, ‘शरीराविषयी, वयात येण्याविषयी जे विचारायचे असेल ते चिठ्ठीवर लिहून यात टाका. नाव लिहू नका.’

पहिले दोन दिवस डबा रिकामाच होता. तिसऱ्या दिवशी चार चिठ्ठ्या निघाल्या आणि आठवड्याच्या शेवटी एकोणीस. त्यातल्या काही इथे देतो.

‘रात्री झोपेत चड्डी ओली होते. मला रोग झाला आहे का?’

‘पाळी आली असताना विहारात बसले तर चालते का?’

‘मिठी मारल्याने दिवस जातात का?’

‘मित्र म्हणतो, पहिल्या वेळी काही होत नाही. खरे आहे का?’

‘तो फोटो मागतो. नाही दिला तर बोलणार नाही म्हणतो.’

आणि एका चिठ्ठीवर एवढेच होते, ‘आईला सांगितले तर ती मारेल. मग कुणाला सांगायचे?’

वाचकहो, ही मुले कुणी वाया गेलेली मुले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, सफाई खात्यात राबणाऱ्या आईबापांची ही मुले आहेत. रात्री दहापर्यंत अभ्यासाला बसणारी. त्यांच्या मनात हे प्रश्न कधीपासून होते. विचारायला जागा नव्हती, एवढेच.

हा डबा का ठेवावा लागला

हा डबा मला आधीच सुचायला हवा होता. तो उशिरा सुचला, त्याची किंमत दोन घरांनी मोजली.

आमच्याच गल्लीतली एक मुलगी, वय सोळा, दहावीत. दुसऱ्या गल्लीतला एक मुलगा, वय एकोणीस, कुरिअरच्या कंपनीत कामाला. दोघांचे प्रेम होते. मुलीची पाळी चुकली तेव्हा तिने पहिले दोन महिने कुणालाच सांगितले नाही. पाळी चुकण्याचा अर्थ तिला नीट ठाऊक नव्हता, आणि ज्या मैत्रिणीला ठाऊक होता तिने ‘पपई खा, उड्या मार’ असे सांगितले. आईच्या लक्षात आले तेव्हा तिने आधी मुलीला बदडले. मग शेजारणीच्या ओळखीने मेडिकलमधून गोळ्या आणल्या. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही, किती दिवस गेलेत याचा हिशेब नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला इतका रक्तस्राव झाला की रात्री रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात न्यावे लागले.

फॉर्म भरायला, साहेबांशी बोलायला म्हणून मला बोलावले. तिथे खाटेशेजारी उभे राहून मी ऐकले, एक कर्मचारी दुसरीला म्हणत होती, ‘या वस्तीतल्या पोरींचे हे असेच.’ मुलगी जागी होती. तिनेही ऐकले.

मुलगी वाचली. कायद्याप्रमाणे दवाखान्याने पोलिसांना कळवले. मुलाला अटक झाली. त्याची आई माझ्या दारात येऊन बसली. म्हणाली, ‘भाऊ, त्याला कायदा ठाऊक नव्हता हो.’

ते खरे होते. आणि मला आठवले, वर्षभरापूर्वी हाच मुलगा अभ्यासिका सुटल्यावर माझ्या मागेपुढे घुटमळत होता. ‘काका, एक विचारायचे होते. मुलीविषयी,’ म्हणाला. मी घड्याळ बघत त्याला म्हटले होते, ‘आधी पायावर उभा राहा. असले धंदे नंतर.’ तो हसला आणि निघून गेला. त्यानंतर त्याने मला काही विचारले नाही.

मी वीस वर्षे समाजकार्य करतो आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, रेशनकार्डे, सगळे केले. पण त्या संध्याकाळी माझ्याकडून पाच मिनिटे निघाली नाहीत. कुणी मला दोष दिला नाही. मी स्वतःला देतो.

मुलांचे खरे मास्तर कोण?

आपण म्हणतो, ‘मुलांना हे शिकवले तर ती बिघडतील.’ जणू आपण शिकवले नाही म्हणजे ती काही शिकतच नाहीत! मुले शिकत असतात. त्यांचे मास्तर वेगळे असतात, इतकेच.

पहिला मास्तर म्हणजे दोस्तमंडळी. नाक्यावर जो सर्वांत जास्त फुशारकी मारतो तो सर्वांत शहाणा ठरतो. ‘तू अजून काहीच केले नाहीस?’ या एका टोमण्यापायी कितीतरी मुले नको ते करायला जातात. मुलींच्या बाजूला दबाव वेगळा. ‘खरे प्रेम असेल तर नाही म्हणणार नाहीस’ हे वाक्य त्यांना ऐकवले जाते.

दुसरा मास्तर हातातला मोबाइल. त्यातल्या घाणेरड्या फिल्मा बघून मुलगा समजतो की बाईचा ‘नाही’ म्हणजे ‘हो’, आणि मारझोड म्हणजे मर्दानगी. पैशासाठी केलेले ते नाटक आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

तिसरा मास्तर भिंतीवरची जाहिरात. रेल्वेच्या डब्यात, मुतारीत, पुलाखाली ‘गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज’ असे कागद आपण सर्वांनी पाहिले आहेत. झोपेत वीर्यपात झाला म्हणून घाबरलेली पोरे तिथे पोहोचतात. जो रोगच नाही त्याच्या औषधापायी महिन्याची कमाई घालवतात.

चौथा मास्तर आपली स्वतःची जीभ. पाळीला आपण ‘अडचण’ म्हणतो, ‘कावळा शिवला’ म्हणतो. मुलीला वेगळे बसवणे आपण बहुतेकांनी सोडले, पण कुजबुज सोडली नाही. ज्याचे नावसुद्धा घेत नाहीत ते काहीतरी वाईट असणार, हे मूल त्यातून आपोआप शिकते.

पाचवा मास्तर भीती. ही भीती गरिबाच्या घरात जास्त असते. दोघे कामाला जातात, घर एका खोलीचे, मुलगी दिवसभर एकटी. ‘काही झाले तर?’ या धास्तीने सोळाव्या वर्षी तिचे लग्न लावून टाकतात. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांचे उदाहरण घ्या. सहा महिने फडावर जायचे, वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय उचल जोडीला मिळते, कोयता जोडीचा असतो. मग लग्न लवकर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झालेले आढळले. दर पाच मुलींमागे एकीहून अधिक! लवकर लग्न म्हणजे लवकर बाळंतपण, अंगात रक्त कमी, शाळा बंद. ज्या संकटाच्या भीतीने लग्न लावले, तेच संकट आपण हळद लावून घरी आणतो.

आणि प्रेम जातीबाहेरचे असेल तर प्रश्न जिवावर बेततो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून मुले लपवतात. आणि लपवलेल्या गोष्टीत सल्ला कुणाचा घेणार?

शाळेने हात झटकले

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे. आमच्या वेळी मास्तरांनी ‘हा धडा घरी वाचा’ म्हणून पाने उलटली होती. माझ्या मुलीच्या वर्गातही तेच झाले.

२००५ च्या सुमारास केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने मिळून शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. २००७ साली संस्कृतीच्या नावाने एकच गदारोळ उठला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्यातली काही चित्रे, काही मजकूर बदलता आला असता. पण पाणी गढूळ आहे म्हणून विहीरच बुजवली.

‘शिकवल्याने मुले बिघडतात’ या म्हणण्याला आधार काय? युनेस्कोने देशोदेशीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २००९ साली मार्गदर्शिका काढली आणि २०१८ साली ती सुधारली. निष्कर्ष असा की, नीट दिलेल्या लैंगिक शिक्षणाने मुलांचे संबंध वाढत नाहीत. उलट पहिला संबंध लांबतो आणि काळजी घेण्याचे प्रमाण वाढते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२४ मधल्या एका निकालात, लैंगिक शिक्षण म्हणजे पाश्चात्त्यांचे खूळ हा समज चुकीचा असल्याचे सांगून असे शिक्षण देण्यावर भर दिला.

ही लाज आपली नव्हे

खरे तर या विषयात गप्प बसण्याचा वारसा आपला नाहीच. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचक लाजत-लाजत प्रश्न पाठवत आणि कर्वे त्यांना सरळ शास्त्रीय उत्तरे देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील होत नाही, लोकांना अडचणी असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, असा त्यांच्या बाजूचा गाभा होता. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण आज कोण बरोबर होते हे वेगळे सांगायला नको.

पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी तो मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला.

त्याही आधी, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना त्यांनी ‘तुझे पाऊल घसरले’ म्हणून हाकलले नाही. ‘इथे ये, सुरक्षित बाळंत हो,’ म्हटले. त्यांपैकीच एकीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. मग आपल्याच पोरीची पाळी चुकली तर आपला हात आधी तिच्या केसांकडे का जातो?

डब्यातल्या प्रश्नांची उत्तरे

आम्ही आशाताईंना आणि ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावले. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे.

झोपेत वीर्यपात होणे हे वयात आल्याचे लक्षण आहे. त्याने अशक्तपणा येत नाही. हस्तमैथुनाने नपुंसक होतो, रक्त आटते, हे सारे खोटे आहे.

पाळी साधारणपणे नऊ ते पंधरा वर्षांच्या दरम्यान सुरू होते. सुरुवातीची एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते. पाळीचे रक्त अपवित्र नसते. विहारात बसावे, स्वयंपाक करावा, खेळावे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा रक्तस्राव फारच होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मिठी मारल्याने, चुंबनाने दिवस जात नाहीत. पण पहिल्याच संबंधातून जाऊ शकतात. ‘एकदा केले तर काही होत नाही’ हे साफ खोटे.

निरोध नीट वापरला तर गर्भधारणा आणि एचआयव्हीसारखे संसर्ग या दोन्हींपासून बचाव होतो. सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर जितक्या लवकर घ्यावी तितकी उपयोगी. बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते. ती गर्भपाताची गोळी नव्हे, आणि रोजची सवय करण्यासारखीही नव्हे.

गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय घेणे म्हणजे विषाची परीक्षा पाहणे. गर्भपात १९७१ च्या कायद्याने, त्यातल्या अटींच्या आत, आपल्या देशात कायदेशीर आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. अशा वेळी दवाखान्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांनी त्या कळवण्यात मुलीचे नाव उघड करण्याची गरज नाही. हे आमच्या गल्लीतल्या त्या माऊलीला ठाऊक असते, तर ती मागच्या दाराने गेली नसती.

मुलांनो, कायदा माहीत करून घ्या

हे मुलांसाठी मुद्दाम लिहितो. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती कायदा धरत नाही. ‘तिची मर्जी होती’ हे उत्तर कोर्टात चालत नाही. शरीरसंबंध झाला असेल तर शिक्षा किमान दहा वर्षे. समोरची व्यक्ती सोळाच्या आत असेल, किंवा मुलीला दिवस गेले असतील, तर किमान वीस वर्षे. पळून जाऊन लग्न केल्यानेही सुटका नाही. २०१७ च्या निकालानंतर अठराखालच्या पत्नीशी केलेला संबंधही बलात्कारच ठरतो. आणि बालविवाह लावणाऱ्या मोठ्यांना, आईबापांनासुद्धा, २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

दोन कोवळ्या जीवांच्या प्रेमाला इतकी कठोर शिक्षा असावी का, यावर वाद आहे आणि तो व्हायला हवा. पण आज कायदा असा आहे, आणि गरिबाच्या पोराला वकील परवडत नाही.

अठराखालच्या कुणाचाही उघडा फोटो मागणे, ठेवणे, पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे. कुणी धमकावत असेल तर मुलीने गप्प बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, तो पाठ करून ठेवावा.

आणि कायद्यापलीकडे एक गोष्ट. पंचशीलातले तिसरे शील आपण दर पौर्णिमेला म्हणतो. कामवासनेने दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, असा त्याचा साधा अर्थ मी मुलांना सांगतो. ‘नाही’ म्हटल्यावर थांबणे, धाक न दाखवणे, फसवून वचन न देणे, हे सर्व त्यात आले.

पालकांनी काय करावे?

एक, सुरुवात लवकर करा. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पाळी येण्याआधीच पाळीविषयी सांगा. अचानक रक्त दिसले की पोर मेलो म्हणून घाबरते. मुलांनाही सांगा, म्हणजे ती बहिणीची टिंगल करणार नाहीत.

दोन, अवयवांची नावे सरळ घ्या. नाव ठाऊक असलेले मूल कुणी नको तिथे हात लावला तर सांगू शकते. आणि असा हात लावणारा पुष्कळदा ओळखीचाच असतो, हे विसरू नका.

तीन, आपल्याला येत नसेल तर तसे म्हणा. ‘मला माहीत नाही, आपण आशाताईंना विचारू’ एवढे म्हणायला लाज कसली? केंद्र सरकारचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी समुपदेशन मिळते. महाराष्ट्रात त्याला ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचाव करणारी एचपीव्हीची लस असते आणि ती नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी ठरते, तिचीही तिथे चौकशी करा.

चार, आणि हे सर्वांत अवघड. मूल काही वाईट सांगायला आले तर पहिल्या मिनिटाला हात उगारू नका. त्या मिनिटात ते ठरवते की पुढच्या वेळी तुमच्याकडे यायचे की मेडिकलवाल्याकडे.

पाच, प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात असा एक डबा ठेवा. खर्च शून्य. महिन्यातून एकदा डॉक्टर किंवा आशाताईंना बोलवा. मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे बसवा. मग काही वेळ एकत्रही बसवा.

आमच्याकडे सुरुवातीला विरोध झाला. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘विहारात हे असले?’ त्यांना एका आजींनी उत्तर दिले. त्या म्हणाल्या, ‘मला तेराव्या वर्षी नांदायला धाडले. काय होणार ते कुणी सांगितले नव्हते. चौदाव्या वर्षी पहिले लेकरू गेले. तेव्हा असा डबा असता तर बरे झाले असते.’ त्यानंतर विरोध झाला नाही.

ती मुलगी पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी पास झाली. आता ती अकरावीला आहे आणि लहान मुलींच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायला मदत करते. मुलगा जामिनावर सुटला, खटला चालू आहे. तारखेच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून त्याच्या आईबरोबर जातो. मागच्या तारखेला कोर्टाच्या पायरीवर तो मला म्हणाला, ‘काका, तो डबा अजून आहे का?’

मी म्हटले, ‘आहे.’

‘राहू द्या,’ तो म्हणाला.

आपल्या घरात डबा नसला तरी चालेल. आई असावी, बाप असावा, मामा-मावशी असावी, जिला पोर विचारू शकेल असे एक तरी माणूस असावे. आज रात्री जेवताना एवढेच म्हणून बघा, ‘बाळ, तुला काही विचारायचे असेल तर मला विचार. मी रागावणार नाही.’ आणि मग खरोखरच रागावू नका.